भिंत आपली, म्हणजे त्यांची

मालिनीच्या आईची अट एकच होती, आणि ती थेट बांधकाम खात्यातली होती. लेकीच्या घरात राहणार नाही. लेकीच्या घराच्या वरच्या मजल्यावर राहीन, पण त्या मजल्याला बाहेरून वेगळा जिना पाहिजे. घरातूनच वर जाणारा जिना असेल तर ते लेकीचंच घर झालं, आणि लेकीच्या घरी विनयाताई चहा पीत, फार तर जेवत. राहत नसत.

त्यांना एकटं ठेवायची सोय मात्र आता उरली नव्हती. मिरजेत त्या न्हाणीघरात घसरून पडल्या आणि दुपारभर फरशीवर बसून होत्या. शेजारणीने दार वाजवलं तेव्हा आतून त्यांनी सांगितलं, "जरा कामात आहे, नंतर ये." शेजारीण नंतर आली तरी काम उरकलेलं नव्हतं, म्हणून दार तोडावं लागलं. मालिनीला हे सगळं त्या शेजारणीकडून कळलं. आईला विचारलं तर नवं दार जुन्यापेक्षा हलकं आहे, एवढीच माहिती तिने दिली.

तेव्हापासून मालिनी आणि तिचा नवरा अभिराम लखनौमध्ये घर नव्हे, जिना शोधत होते. लोक त्यांना मॉड्युलर किचन दाखवायचे, संगमरवरी देवघर दाखवायचे, आणि हे दोघं घराबाहेर फिरून वर बघत राहायचे. एका मालकाने तर शेवटी हात जोडून विचारलं की आपण नक्की घर विकत घ्यायलाच आला आहात ना.

अखेर शहराच्या पार उत्तरेला, बख्शी का तालाबच्या अलीकडे, जिथे एका बाजूला मोहरीची शेतं आणि डोक्यावर हवाई दलाची विमानं असतात, तिथे त्यांना जिना सापडला. त्याच्यासोबत घरही होतं. मालिनीची संशोधन संस्था त्याच बाजूला होती. अभिरामची बँक हजरतगंजात होती, म्हणजे लांब पडणार होती. पण वृंदावन योजना वसाहतीतल्या त्यांच्या सध्याच्या भाड्याच्या फ्लॅटच्या मालकाने भिंतीला खिळा ठोकायची परवानगी अजून विचाराधीन ठेवलेली असल्यामुळे अभिरामला कुठलंही लांब चालणार होतं.

घराचे मालक रस्तोगी. ते मुलाकडे नोएडाला निघाले होते आणि मनाने आधीच पोचले होते. नळ गळतोय म्हटलं की म्हणायचे, "हो जाएगा." गच्चीचा कोपरा खचलाय म्हटलं तरी "हो जाएगा." मालिनीला हळूहळू कळलं की यात करणारा कुणी नव्हता. ते आपोआप व्हायचं होतं.

आता जिन्याविषयी. रस्तोगींचं घर आणि शेजारच्या अवस्थींचं घर यांच्या मधोमध एक चांगली उंच, जाडजूड भिंत होती. या बाजूने रस्तोगींचा जिना तिच्यात पायऱ्या रोवून वर चढला होता. त्या बाजूने अवस्थींच्या स्वयंपाकघराचं छत तिच्यावर टेकलं होतं. दोन्ही घरं तिला अशी टेकून उभी होती, की भिंतीनेच एखाद्या दिवशी अंग झटकलं असतं तर दोन कुटुंबांची ओळख फारच वाढली असती.

मालिनी वनस्पतींवर संशोधन करणारी बाई. मुळं कुठून कुठे गेली आहेत ते आधी बघायची तिला सवय होती. ती म्हणाली, "ही भिंत कुणाची, ते आधी विचार."

अभिराम विचारायला गेला. त्याच्या हिंदीवर त्याचा भरवसा होता. सांगलीत शाळेत असताना त्याने हिंदीच्या जादा परीक्षा दिल्या होत्या आणि एकीत निबंधाला बक्षीसही मिळवलं होतं. लखनौला येऊन त्याला दीड वर्ष झालं होतं आणि तो आता भाजीवाल्याशीसुद्धा त्या निबंधाच्या भाषेत बोलायचा.

तो परत आला तो हसतच. अवस्थीजी म्हणजे अगदी देवमाणूस, हवाई दलातून निवृत्त झालेत, पेरूच्या फोडी दिल्या काळं मीठ लावून. भिंतीचं काही भांडण तर नाही ना, असं सरळ विचारलं. तर हसायलाच लागले.

"काय म्हणाले पण?"

"म्हणाले, झगड़ा कैसा? हमारी दीवार है." अभिरामने गाडीची किल्ली फिरवली. "आपली भिंत आहे म्हणाले. दोघांची. मिटलं."

त्या एका 'आपली'वर त्यांनी रस्तोगींना बयाणा दिला, बँकेत कर्जाचा अर्ज टाकला, आणि मालिनीने मिरजेला फोन करून आईला सांगितलं की जिना मिळाला, बाहेरून आहे, पायऱ्या उंच नाहीत, रुंद आहेत, कठडा तेवढा लावून घेते. विनयाताईंनी कठडा कुठल्या बाजूला येणार ते विचारलं. त्या एवढ्या बारकाईने काही विचारत, तेव्हा त्यांचा होकार असे. मालिनी फोन ठेवून स्वयंपाकघरात जाऊन थोडी रडली, मग भात लागला म्हणून थांबली.

घोडं अडलं ते कठड्यावर. लोहाराने माप घ्यायला भिंतीला हात लावला आणि पलीकडून अवस्थींचं डोकं वर आलं. कानटोपी, मफलर, अत्यंत सौम्य चेहरा. ते म्हणाले की कठडा कशाला, जिनाच काढायचाय ना आता. रस्तोगी घरचे होते, त्यांना कधी बोललो नाही. आम्ही नोकरीनिमित्त आसामात असताना त्यांनी पायऱ्या रोवून घेतल्या. पण आता घर विकलं जातंय, रजिस्ट्री होणार, तर कागद झाल्यावर कटकट नको. पायऱ्या तेवढ्या काढून घ्या. भोकं आम्ही बुजवू, त्याचा भार तुमच्यावर टाकणार नाही.

मालिनीने रस्तोगींना फोन लावला. जिना पाडायला सांगताहेत, असं ती म्हणाली.

रस्तोगी म्हणाले, "हो जाएगा."

मग मोजणी झाली. रस्तोगींच्या ओळखीचा एक मोजणीदार आला. त्याने रस्त्याकडून रस्तोगींच्या हद्दीपासून फीत धरली, तेव्हा भिंत रस्तोगींची निघाली. अवस्थींनी सौम्यपणे सुचवलं की एकदा आमच्याकडूनही धरून बघा. त्यांच्याकडून धरली तेव्हा भिंत अवस्थींची निघाली. मोजणीदार विचारात पडला. त्याने दोन्हीकडून एकदम मोजून बघितलं, तेव्हा असं निघालं की दोन्ही प्लॉट आपापल्या जागी बरोबर आहेत आणि भिंतीखालची पट्टी या जगात कुणाचीच नाही. ती कागदावर अस्तित्वातच नव्हती. जे नाही त्याच्यावर एवढी मोठी भिंत उभी राहिलेली बघून त्याला स्वतःलाच थोडं गहिवरल्यासारखं झालं, आणि तो चहा न घेता गेला.

अभिरामने यातून मार्ग काढायला म्हणून भिंतीच्या बुडाशी बसून खरवडून पाहिलं आणि वर बघून अवस्थींना आदराने कळवलं, "आपका पाया हमारी तरफ़ आ रहा है."

अवस्थींचा चेहरा पहिल्यांदाच बदलला. त्यांच्या घरात कांदासुद्धा मंगळवारी वर्ज्य होता. "पाया हमारे यहाँ नहीं बनता," ते म्हणाले, आणि आत निघून गेले. मराठीत पाया घराचा असतो आणि लखनौत तो बकऱ्याचा असतो, चौकात सकाळी सकाळी कुलच्यासोबत खातात, हे मालिनीला तिच्या प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्याने दुसऱ्या दिवशी समजावून सांगितलं. अभिरामला पायाला हिंदीत 'नींव' म्हणतात हे माहीत होतं. परीक्षेत लिहिलंही होतं. ऐनवेळी आठवलं नाही.

तिकडे दस्त लिहिणाऱ्या वकिलाने सांगून टाकलं की चौहद्दी, म्हणजे घराच्या चार दिशांना काय काय आहे ते, स्पष्ट लिहिल्याशिवाय रजिस्ट्री होणार नाही. पूर्व, पश्चिम, दक्षिण झालं होतं. उत्तरेला काय लिहू, असं तो रोज विचारायचा. अभिरामच्या बँकेनेही तेच विचारलं. बँकेत कर्जाच्या कागदांवर हे असले प्रश्न काढून लोकांना परत पाठवायचं काम अभिरामच करायचा, त्यामुळे तो कोणावर चिडूही शकत नव्हता. तो स्वतःच्याच टेबलासमोर उभा राहून स्वतःलाच नंतर या म्हणाल्यासारखा दिसायला लागला होता.

मिरजेत विनयाताईंनी भांडी वाटायला काढली. पातेली कोणाला, परात कोणाला, ते त्या फोनवर सांगायच्या, आणि मालिनी हं हं म्हणायची. जिना गेला तर आई येणार नाही, हे तिला माहीत होतं. आई चिडणार नाही, रुसणार नाही, फक्त पातेली परत मागवून घेईल आणि त्या हलक्या दाराआड एकटी राहील.

त्या रविवारी मालिनी अभिरामला म्हणाली, "आज मी येते. तू बोल, पण निबंध लिहू नकोस."

अवस्थींनी त्यांना व्हरांड्यात उन्हात बसवलं. आधी चहा झाला. मग मटारची घुगरी आली. मग अवस्थींनी चौकशी केली की मराठी लोक थंडीत काय खातात, आणि अभिरामने हुरड्यावर बरंच काही सांगितलं. प्रत्येक वेळी भिंतीचा विषय निघेल असं वाटलं की डोक्यावरून विमान जायचं, आणि अवस्थी बोट वर करून ते लांब जाईपर्यंत ऐकायचे आणि त्याच्या इंजिनाविषयी दोन शब्द बोलायचे. मालिनीला वाटायला लागलं की हे घर आपल्या नावावर होईपर्यंत भारताचं सगळं हवाई दल इथून जाऊन येईल.

शेवटी अभिरामने घसा साफ केला. मुद्द्याचं एकच वाक्य बोलायचं त्याने ठरवलं होतं. जिन्याला हिंदीत 'ज़ीना' म्हणतात, पण त्यातला 'ज़' त्याने सांगलीच्या पद्धतीने उच्चारला.

"अवस्थीजी, बस इतना है, कि हमको जीना चाहिए."

अवस्थींनी कप खाली ठेवला. त्यांच्या डोळ्यांत खरोखर काळजी दिसली. "जीना तो सबको चाहिए, अभिराम बाबू," ते हळू आवाजात म्हणाले. "ऐसी भी क्या बात हो गई?"

"सीढ़ी," मालिनी म्हणाली. "सीढ़ी चाहिए. माझी आई... मेरी माँ ऊपर रहेंगी." मग तिने तिच्या मोडक्यातोडक्या, निबंधाचं बक्षीस न मिळालेल्या हिंदीत सगळं सांगितलं. न्हाणीघर, दार, लेकीचं घर, वेगळा जिना. अवस्थी मान डोलवत ऐकत होते. लेकीच्या घरी न राहणं त्यांना इतकं पटलं, की त्यांनी विनयाताईंच्या विचारांची दोनदा तारीफ केली. पण जिना काढावाच लागेल, असंही म्हणाले.

अभिरामचा संयम सुटला. तुम्हीच तर पहिल्या दिवशी म्हणालात, तो म्हणाला. मी इथेच उभा होतो, हातात पेरू होता. भांडण कसलं, हमारी दीवार है, असं म्हणालात. तुमच्या शब्दावर आम्ही बयाणा दिला, आणि आता तुम्ही शब्द फिरवताय.

अवस्थींना हे लागलं. "हमने कब बात बदली? हम आज भी वही कह रहे हैं. हमारी दीवार है."

"हाँ, तो हमारी. दोनों की."

"दोनों की कैसे?" अवस्थींनी अभिरामकडे, मग मालिनीकडे, मग घराच्या उघड्या दाराकडे बघितलं. "भैया, हम तो अपनी श्रीमतीजी को भी हमारी कहते हैं. तो क्या उनमें भी आपका हिस्सा हो गया?"

नेमकं तेव्हा एकही विमान आलं नाही.

मालिनीने डोळे मिटले. मराठीत 'आम्ही' वेगळं आणि 'आपण' वेगळं. समोरच्याला धरून बोलतोय की वगळून, ते तोंड उघडल्याबरोबर कळतं. हिंदीत दोन्हींना एकच 'हम'. आणि लखनौचा माणूस एकटा असला, आरशासमोर उभा असला, तरी स्वतःला 'हम'च म्हणतो. अवस्थी पहिल्या दिवसापासून स्वच्छ सांगत होते की भिंत माझी आहे. अभिरामने ते घरी आणताना वाटेत त्यात स्वतःला बसवून घेतलं होतं.

अभिरामच्या चेहऱ्यावर मात्र दीड वर्षाचा पूर्ण काळ सरकत होता. त्याला आठवलं, बँकेतला सहकारी एकदा म्हणाला होता, "कल हम नहीं आएँगे," आणि सगळी शाखाच बंद असणार असं समजून दुसऱ्या दिवशी अभिराम घरी झोपून राहिला होता. त्याबद्दल त्याला मेमो मिळाला होता. तो मेमो अन्यायकारक आहे असं तो अजूनही सर्वांना सांगायचा.

"तू 'आपली' म्हणालास," मालिनी मराठीत म्हणाली.

"हमारी म्हणजे आपलीच ना."

"त्यांची, अभी. हमारी म्हणजे त्यांची. त्यांची एकट्याची."

"मग 'मेरी' म्हणायला काय झालं होतं या माणसाला?"

अवस्थींना मराठी कळत नव्हतं, तरी आपल्याविषयी चाललंय हे कळत होतं, म्हणून ते अदबीने दुसरीकडे बघत राहिले.

तेवढ्यात आतून आवाज आला. "उनकी भी नहीं है." पाठोपाठ चौकटीला धरून, एकेक पाऊल तोलत अवस्थींच्या श्रीमती कुसुमलता बाहेर आल्या. मोठा स्वेटर, गुडघ्यांना लोकरीचे पट्टे, चेहऱ्यावर नवऱ्याच्या सौम्यपणाचा लवलेश नाही. हिस्सा-हिस्सा म्हणून जे काही चाललं होतं ते सगळं त्यांनी आतून ऐकलं होतं.

"रजिस्ट्री हमारे नाम है," त्या म्हणाल्या. "दीवार हमारी है."

अभिरामने घाईने मालिनीकडे बघितलं. या वेळी 'हमारी' म्हणजे कोण, ते त्याला स्वतःहून ठरवायचं नव्हतं.

झालं होतं असं, की बायकोच्या नावावर घेतलं की स्टॅम्प ड्यूटी कमी लागते म्हणून अवस्थींनी प्लॉट कुसुमलतांच्या नावे घेतला होता, आणि नंतर ते विसरून गेले होते. कुसुमलता विसरल्या नव्हत्या. अवस्थी म्हणाले की तेच ते, आमचं म्हणजे आमचंच. कुसुमलता म्हणाल्या, तेच ते नाही. या घराला छत आहे, पण छतावर जायला जिना नाही. जिना नंतर बांधू, नंतर बांधू, असं हे नोकरीभर म्हणत आले. हे स्वतः शिडी लावून चढतात, वर उन्हात पेपर वाचतात. मी माझ्या घराच्या छतावर गृहप्रवेशानंतर गेलेली नाही. सगळ्या गल्लीतल्या बायका थंडीत छतावर बसून मटार सोलतात, एकमेकींशी बोलतात, मी खालून त्यांची आवाजावरून ओळख ठेवते. आणि हे शेजारचा जिना तोडायला निघालेत.

अवस्थी म्हणाले, "सीढ़ी मज़बूत है."

कुसुमलतांनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी मालिनीला हाताला धरून उठवलं आणि गुडघे सांभाळत बाहेर, फाटकातून, रस्तोगींच्या आवारात नेलं. जिन्यापाशी आल्या. एक पायरी चढल्या. थांबल्या. दुसरी चढल्या. मालिनी मागून हात धरून होती. जिन्याच्या मधल्या टप्प्यावर पोचल्यावर कुसुमलतांनी भिंतीवर तळहात ठेवला. पलीकडे, बरोबर त्याच उंचीवर, त्यांच्या स्वयंपाकघराचं छत होतं, आणि त्यावर अवस्थींची खुर्ची, पेपरासकट.

"यहाँ से एक दरवाज़ा," कुसुमलता म्हणाल्या. "बस इतना फोड़ दो, बिटिया. दीवार हमारी रहेगी, सीढ़ी तुम्हारी."

"आणि सीढ़ी दीवार में गड़ी रहेगी?" मालिनीने विचारलं. घाईत तिचा पहिला शब्द मराठीत गेला. कुसुमलतांना ते कळलं.

"गड़ी रहे. हमें कौन सी निकाल के अचार डालना है."

खाली अवस्थी आणि अभिराम शेजारी शेजारी उभे राहून वर बघत होते. दोघांना कुणी काही विचारलं नव्हतं. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदाच त्यांच्यात काही सामाईक असल्यासारखं दिसत होतं.

वकिलाने उत्तरेला लिहिलं: श्रीमती कुसुमलता अवस्थी यांची भिंत, जिच्यात विकत घेणाऱ्यांचा जिना आहे, ज्यातून श्रीमती अवस्थी यांचा दरवाजा आहे. ते वाक्य त्याने स्वतःच तीनदा वाचलं आणि असं काही आपण याआधी लिहिलं नसल्याचं सांगितलं. बँकेत अभिरामने ते मंजुरीला ठेवलं आणि साहेबांच्या केबिनमध्ये भिंतीची, जिन्याची, दरवाजाची आकृती काढून दाखवली. साहेब म्हणाले, हम समझ गए. अभिरामने नम्रपणे खात्री करून घेतली की एकटेच ना.

आता मिरजेला सांगणं राहिलं होतं. मालिनीने दोन दिवस टाळलं. आईला वेगळा, स्वतंत्र, स्वतःचा जिना हवा होता. आणि जो मिळाला होता त्यात परक्या भिंतीचा आधार होता, मधल्या टप्प्यावर परक्यांचा दरवाजा होता, आणि थंडीभर एक परकी बाई मटाराची टोपली घेऊन त्यावरून ये-जा करणार होती. शेवटी तिने फोन केला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

पलीकडे विनयाताई एकेक गोष्ट नीट विचारून घ्यायला लागल्या, जसं काही दस्त त्याच लिहिणार होत्या.

"भिंत त्या बाईंची."

"हो."

"आणि जिना त्या भिंतीत."

"हो, आई."

"म्हणजे त्या बाईंनी मनात आणलं तर जिना धड तुमचाही नाही."

"कागदावर आमचा आहे. पण तसं बघितलं तर... नाही. पुरता आमचा नाही."

"मग झालं तर," विनयाताई म्हणाल्या. "लेकीच्या जिन्यावरून जायचं होतं, तेच जरा मनाला लागत होतं. उरलेली पातेली कशात बांधू, ते सांग."